पाळण्यात दिसलेले पाय

मागील अंकात या सदरात आम्ही ‘वंडर बॉईज’ या २००० साली आलेल्या अमेरिकी चित्रपटाचा ओझरता उल्लेख केला आणि टपालाची पिशवी अनपेक्षितपणे जड झाली. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. पिट्सबर्ग शहरातील एका विद्यापीठात ग्रेडी ट्रिप नावाचे पन्नाशीतील प्राध्यापक लेखनकला शिकवतात. त्यांची एक कादंबरी सात वर्षांपूर्वी गाजली. दुसरी अजून पुरी व्हायची आहे. एका शुक्रवारी सकाळी त्यांची पत्नी घर सोडून जाते, दुपारी न्यूयॉर्कहून संपादक टेरी क्रॅबट्री नव्या कादंबरीची चौकशी करायला येऊन उतरतात, संध्याकाळी विद्यापीठाच्या प्रमुख सारा गॅस्केल आपण गरोदर असल्याचे त्यांना सांगतात, आणि त्याच रात्री जेम्स लीअर हा त्यांचा विद्यार्थी साराबाईंच्या पतीचा आंधळा कुत्रा गोळी घालून मारतो. हे पती ग्रेडींच्याच विभागाचे प्रमुख आहेत. पुढचे सारे याच शनिवार-रविवारात घडते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आपण ग्रेडी यांना ‘लेखनाशी झगडणारा प्राध्यापक’ म्हटले आहे. मात्र चित्रपटात तर हा मनुष्य रोज लिहिताना दिसतो. आमच्या कल्पनेतला अडलेला लेखक कोऱ्या कागदाकडे पाहत बसतो. मग यांचा झगडा नेमका कशाशी आहे?
— एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, आपण वर्मावर बोट ठेवले आहे. हे एका प्रश्नाचे उत्तर नीट देता आले, तर बाकीच्या पत्रांना दोन ओळींत उरकले तरी चालेल असे वाटते.

चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. ग्रेडी पत्नीचा जुना गुलाबी झगा अंगात चढवून टंकलेखन यंत्रापुढे बसतात, नवा कागद सरकवतात आणि वरच्या कोपऱ्यात पृष्ठक्रमांक टाकतात : २६१. आपण मनात म्हणतो, ठीक आहे, अडीचशे पाने झाली, कादंबरी मार्गी लागलेली दिसते. मग ते क्षणभर थांबतात आणि पुढे आणखी एक आकडा उमटवतात. २६११. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो, आणि या गृहस्थांचा आजार कोणता ते त्या एका आकड्याने सांगून टाकलेले असते. त्यांचा हात अडलेला नाही, सुटलेला आहे. मराठीत याला पाल्हाळ असा नेमका शब्द आहे, आणि आपण शाळेत निबंध तपासताना तो समासात लाल शाईने किती वेळा लिहिला असेल, याची आम्ही कल्पना करू शकतो.

निदान कोण करते, हेही पाहण्यासारखे आहे. संपादक करत नाही, समीक्षक करत नाही. ग्रेडींच्या घरात भाड्याने राहणारी त्यांची विद्यार्थिनी हॅना ग्रीन ते बाड रात्री वाचायला घेते. तिला ग्रेडींविषयी मनापासून आदर आहे, म्हणून आधी ती भाषेची स्तुती करते आणि मग चाचरत सांगते की, सर, वर्गात आपण नेहमी सांगता की लेखकाने निवड करायची असते. या पुस्तकात मात्र आपण कसलीच निवड केलेली दिसत नाही. सगळ्यांच्या घोड्यांच्या वंशावळी आहेत, दातांच्या तपासणीच्या नोंदी आहेत. आणि लिहिताना आपण सदानकदा गांजाच्या अमलाखाली नसतात तर कदाचित बरे झाले असते, असेही ती हळूच सुचवते. शिष्येने गुरूला त्याचाच धडा म्हणून दाखवावा आणि गुरूला तो पहिल्यांदाच ऐकू यावा, असा हा प्रसंग आहे. ग्रेडींची भूमिका करणाऱ्या मायकल डग्लस यांनी येथे जे केले आहे, त्यासाठी तो पुन्हा एकदा पाहावा.

आता आमचे मत सांगतो. पटकथेत ते कुठेही सांगितलेले नाही. संपलेल्या पुस्तकाला लोक बरे किंवा वाईट म्हणू शकतात, चाललेल्या पुस्तकाला कोणी काही म्हणू शकत नाही. पहिल्या कादंबरीने ज्याचे नाव झाले आहे त्याला हा आडोसा फार सोयीचा असतो. ‘कादंबरीचे कुठवर आले?’ असे कोणी विचारले की ‘चालू आहे’ म्हणावे, आणि ते खोटेही नसते. ग्रेडींच्या संसाराचीही हीच तऱ्हा आहे. पत्नीला सोडलेले नाही, साराबाईंना स्वीकारलेले नाही, कुत्रा मेल्याचे मालकाला सांगितलेले नाही. कुत्र्याचे कलेवर गाडीच्या डिकीत घालून ते गावभर हिंडत आहेत. जे बाडाचे तेच डिकीचे. निर्णय पुढे ढकलला की वस्तू साठत जातात.

शेवटी ते बाड जाते कसे, हेही आपण पाहिलेच असेल. प्रत एकच. गाडीचे दार उघडे राहते, नदीकडून वारा येतो आणि सात वर्षांची पाने आकाशभर होतात. त्यानंतर ग्रेडींना गाडीतून नेणारा मनुष्य मोलाचा आहे. दोन रात्रींपूर्वी ग्रेडी आणि क्रॅबट्री यांनी एका बारमध्ये विरंगुळा म्हणून एका अनोळखी माणसाला व्हर्नन हार्डॅपल असे नाव बहाल करून त्याचे अख्खे आयुष्य रचले होते. हा तोच माणूस. तो सहज विचारतो की, पुस्तक कशाविषयी होते हे तुम्हालाच ठाऊक नव्हते, तर मग लिहीत का होता? ग्रेडी सांगतात की थांबता येत नव्हते. कल्पनेतून रचलेले पात्र शेजारच्या आसनावर बसून लेखकाची उलटतपासणी घेते आहे, ही गंमत पटकथाकाराने कोठेही ठळक केलेली नाही. पहिल्या वेळी ती आमच्याही नजरेतून निसटली होती.

प्रश्न : असा प्राध्यापक खरोखर होऊन गेला काय? एका मित्राच्या म्हणण्याप्रमाणे ही लेखकाची आत्मकथा आहे.
— साहित्याचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपल्या मित्राचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि उरलेले अर्धे अधिक मनोरंजक आहे.

हा चित्रपट मायकल शेबॉन यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवरून काढलेला आहे. शेबॉन पिट्सबर्ग विद्यापीठात शिकले आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले. तेथे प्रबंध म्हणून लिहिलेली कादंबरी त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना न सांगताच एका साहित्य-अभिकर्त्याकडे धाडली. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा शेबॉन जेमतेम पंचविशीत होते, आणि त्यांचा एकदम बोलबाला झाला. मग त्यांनी दुसरी कादंबरी हाती घेतली. पाच वर्षांहून अधिक काळ ते ती लिहीत होते, पाने पंधराशेपर्यंत गेली, आणि अखेर त्यांनी ती चक्क टाकून दिली. ती टाकल्यावर जे पुस्तक सुमारे सात महिन्यांत हातावेगळे झाले, ते हे : दुसरी कादंबरी न संपवू शकणाऱ्या माणसाची कादंबरी. तेव्हा बाडाची पाने त्यांच्या स्वतःच्या घरची आहेत.

मात्र ग्रेडी हा मनुष्य त्यांनी दुसरीकडून उचलला. पिट्सबर्ग विद्यापीठात चक किंडर नावाचे लेखक-प्राध्यापक होते. त्यांचेही बाड वर्षानुवर्षे वाढत तीन हजार पानांच्या घरात गेले होते आणि विद्यार्थ्यांमध्ये त्याची दंतकथा झालेली होती. शेबॉन त्यांपैकीच एक विद्यार्थी. किंडर यांचे ते पुस्तक अखेर २००१ साली, म्हणजे चित्रपट येऊन गेल्यावर, चारशेहून कमी पानांत प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याने गुरूच्या न संपणाऱ्या पुस्तकावर पुस्तक लिहिले, त्यावर चित्रपट निघाला, आणि मग गुरूंचे मूळ पुस्तक बाजारात आले. उरलेल्या दोन हजारांहून अधिक पानांचे किंडर यांनी काय केले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

प्रश्न : मी स्वतः महाविद्यालयात शिकवते. लेखन शिकवता येते असा या चित्रपटाचा दावा आहे काय? आणि अमेरिकेत यासाठी खरोखर पगारी प्राध्यापक नेमतात?
— नाव न छापण्याच्या विनंतीवरून

उत्तर : नेमतात, आणि तेही आजकालचे नव्हे. आयोवा विद्यापीठाने १९२२ सालीच पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन ग्राह्य धरण्याचा निर्णय घेतला, आणि तेथील प्रसिद्ध लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. पुढे त्याच धर्तीचे अभ्यासक्रम देशभर निघाले. लेखकाला पुस्तकांवर पोट भरता येत नाही आणि विद्यापीठाला नाव हवे असते, असा तो उभयपक्षी सोयीचा व्यवहार आहे. आयोवातच १९६७ पासून परदेशी लेखकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालतो आणि आपले दिलीप चित्रे १९७५ साली त्यात सहभागी झाले होते, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेल.

दाव्याविषयी म्हणाल, तर चित्रपट वर्गातूनच सुरू होतो. जेम्सची कथा वाचून झालेली आहे आणि वर्गमित्र ती एकेक करून फाडत आहेत. अशा कार्यशाळेत लेखकाने मुकाट बसून ऐकायचे असते, मध्ये बोलायचे नसते. जेम्स मान खाली घालून बसलेला आहे, ग्रेडींचे मन भलतीकडेच आहे, आणि हॅना तेवढी त्याची बाजू घेते. हा एकच वर्ग आपल्याला दाखवला जातो, आणि त्यात प्राध्यापक काहीही शिकवत नाहीत. ते शिकवतात ते नंतर, वर्गाबाहेर, आणि बहुधा नकळत : मध्यरात्री पोराला घरी आणतात, त्याची कादंबरी वाचतात, आणि ती आपल्यापेक्षा चांगली आहे हे ओळखून संपादकाच्या हाती देतात. शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, हे आपल्याला सांगायला नको. लेखन शिकवता येते की नाही याचा निकाल चित्रपट देत नाही. दुसऱ्याचे लेखन ओळखता येते आणि त्याच्या वाटेतून बाजूला होता येते, एवढे मात्र तो दाखवतो.

प्रश्न : मेलेल्या कुत्र्यावर हसायचे, यात कसला विनोद? आमच्या घरी दोन कुत्री आहेत. मला तो भाग पाहवला नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपले दुःख आम्ही समजू शकतो. दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन यांनी त्या मृत्यूवर हसवलेले नाही, एवढेच त्यांच्या बाजूने सांगता येईल. कुत्रा ग्रेडींचा पाय धरतो, जेम्स गोळी झाडतो, आणि त्यानंतर दोघांच्या चेहऱ्यांवर जी शांतता पसरते ती विनोदी नाही. हसू येते ते पुढच्या व्यवहाराला : डिकी उघडली की आत ट्यूबा नावाचे एक भलेमोठे, फुंकून वाजवायचे पितळी वाद्य आहे, त्याच्या शेजारी हे कलेवर नीट बसवायचे आहे, आणि सुशिक्षित माणसे हे काम सामान लावल्याच्या गांभीर्याने करत आहेत. हॅन्सन यांनी याआधी १९९७ साली ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ हा गुन्हेगारीपट काढला होता. प्रेताची विल्हेवाट हा विषय त्यांना नवा नव्हता. येथे त्यांनी तोच हात हलका ठेवला आहे. विनोदासाठी कोणी तोंड वाकडे करत नाही की पार्श्वसंगीत गुदगुल्या करत नाही. फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांनी केलेली साराबाईंची भूमिका या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. सर्वांत अवघड परिस्थिती त्यांची, आणि सर्वांत कमी आदळआपट त्यांचीच.

प्रश्न : चित्रपटात प्राध्यापक गांजा ओढतात, परस्त्रीशी संबंध ठेवतात, संपादक विद्यार्थ्याबरोबर रात्र घालवतो. शिक्षणक्षेत्राचे असे चित्रण आपल्या सदराने का उचलून धरावे?
— निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : सर, चित्रपटाला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र आहे आणि मुलांबरोबर तो पाहू नये, हे आम्ही मागील वेळीच लिहायला हवे होते, ती आमची चूक. मात्र ग्रेडींचे वागणे चित्रपट उचलून धरत नाही. त्यांना वरचेवर भोवळ येते, हातून सगळे सुटते, आणि ज्यांच्यावर त्यांचे प्रेम आहे त्या साराबाई त्यांना आश्वासन मागत नाहीत, कारण त्यांना ते मिळणार नाही हे ठाऊक आहे. एक गोष्ट त्यांच्या जमेस धरावी लागेल. हॅना त्यांच्याकडे ओढली गेलेली आहे हे सर्वांना दिसते, त्यांनाही दिसते, आणि ते त्याचा फायदा घेत नाहीत. क्रॅबट्रींबाबत आपला आक्षेप अधिक सबळ आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांच्या लाघवी अभिनयामुळे तो प्रसंग खपून जातो. आज कोणी तो असा लिहील असे वाटत नाही.

प्रश्न : नावाचा अर्थ काय? आणि एवढे नट असूनही चित्रपट पडला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लहान वयातच ज्याने नाव काढले त्याला इंग्रजीत ‘वंडर बॉय’ म्हणतात. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ते पाय पुढे किती चालले याची चौकशी सहसा कोणी करत नाही. हा चित्रपट ती करतो. नाव अनेकवचनी आहे, कारण एक ‘वंडर बॉय’ पन्नाशीला आला आहे आणि दुसरा, म्हणजे टोबी मॅग्वायर यांनी साकारलेला जेम्स, त्याच्याच वर्गात बसला आहे.

पडण्याचे म्हणाल, तर सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाला जगभरात मिळून साडेतीन कोटीही मिळाले नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये तो लागला तेव्हा भित्तिपत्रकावर चष्मा लावलेल्या डग्लस यांचा नुसता चेहरा होता, आणि त्यावरून आत काय आहे याचा कोणाला अंदाज येईना. समीक्षकांनी वाखाणल्यामुळे नोव्हेंबरमध्ये नवे भित्तिपत्रक करून, सगळे नट त्यावर आणून, तो पुन्हा लावण्यात आला. तरीही लोक आले नाहीत. जाहिरात चुकली हे खरे आहे, तरी सगळा दोष तिच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. ज्यात नायक फारसे काही करतच नाही असा चित्रपट सुटीच्या दिवशी तिकीट काढून पाहायला माणसे कमीच जातात.

प्रश्न : ऑस्कर कशासाठी मिळाले?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॉब डिलन यांच्या ‘थिंग्ज हॅव चेंज्ड’ या गीतासाठी. डिलन त्या वेळी ऑस्ट्रेलियात होते आणि त्यांनी तेथूनच उपग्रहाद्वारे पुरस्कार स्वीकारला. स्टीव्ह क्लोव्हस यांच्या पटकथेला आणि डीडी अॅलन यांच्या संकलनाला नामांकन होते. हे क्लोव्हस म्हणजेच पुढे हॅरी पॉटरच्या एक सोडून सर्व चित्रपटांच्या पटकथा लिहिणारे गृहस्थ.

प्रश्न : कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा?
— ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : चित्रपट आधी पाहावा. कादंबरीत ग्रेडी स्वतः गोष्ट सांगतात आणि सांगताना अर्थातच पाल्हाळ लावतात, ते फार बहारीचे आहे. पत्नीच्या माहेरी ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाचे जेवण आहे, तो कादंबरीतला एक मोठा भाग. क्लोव्हस यांनी तो मुळापासून काढला. पुस्तक आधी वाचले तर ती पंगत आपण चित्रपटभर शोधत बसाल. क्लोव्हस यांनी काढले ते बरेच केले, असे आमचे मत आहे, कारण हॅनाने ग्रेडींना जे सांगितले ते पटकथाकाराने तेवढे मनावर घेतलेले दिसते. शेवट मात्र दोन्हींकडे आम्हाला जरा लवकर गोड झाल्यासारखा वाटतो. कुत्र्याच्या मालकाच्या घरून जाकीट पळवल्याचा जेम्सवरील आळ, स्वतः तो मालक, जेम्सची कादंबरी हे सारे क्रॅबट्री एका सौद्यात मिटवून टाकतात : मालकाचेही पुस्तक छापू, त्याने तक्रार करू नये. प्रकाशनव्यवसायाविषयीचा हा टोमणा असेल, तर तो चांगला आहे.

प्रश्न : २००० साली घरोघरी संगणक आले होते. प्राध्यापक मनुष्य एकच प्रत ठेवून यंत्रावर टंकलेखन करतो आणि ती वाऱ्यावर जाते, हे पटत नाही. मी ४० वर्षे शासकीय कार्यालयात लिपिक होतो, म्हणून विचारतो.
— एक वाचक, अकोला

उत्तर : आपली शंका क्रॅबट्री यांनाही आली होती. पाने उडाल्यावर ते मोठ्या आशेने विचारतात की प्रत असेलच ना, आणि पहिल्या प्रकरणाचा एक निराळा खर्डा तेवढा आहे, असे उत्तर मिळते. संगणक चित्रपटात येतो तो अगदी शेवटी. ग्रेडी मोठ्या खिडकीपाशी बसून त्यावर लिहीत आहेत, बाहेर साराबाईंची गाडी येऊन थांबते, त्या बाळाला घेऊन उतरतात, आणि ग्रेडी उठण्यापूर्वी न विसरता लिहिलेले जतन करतात. आपल्या पत्राच्या तळाशी ‘स्थळप्रत ठेवली आहे’ अशी नोंद वाचून आम्हाला तेच दृश्य आठवले.